बेबीनंदाची हजेरी

(पोस्टकार्ड)

मंठा,
१८ ऑगस्ट १९९४

श्री. राधाकिसन सांडू डोईफोडे,
मु. पिंपरखेडा, ता. मंठा

तुमची सून बेबीनंदा आमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हे तुम्ही विसरला नसाल अशी आशा. २९ जुलैपासून ती एकाही तासाला आलेली नाही.

मुलींनी मधेच कॉलेज सोडू नये म्हणून घरोघर कळवायचे काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात मारले आहे, म्हणून हे कार्ड. एरवी तुमच्यासारख्या घरांना लिहून काही होत नाही, हे इथल्या चार वर्षांत मला पुरेसे कळले आहे. पहिल्या वर्षाला अकरा मुली होत्या, आता चार आहेत. बाकीच्यांची लग्ने झाली. लग्न ठरवताना सासरा छाती ठोकून सांगतो, "शिकू देऊ की." हळद उतरली की कापसाच्या खुरपणीला बाई कमी पडते. मग कसले कॉलेज!

पाऊण हजेरी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म जाणार नाही. सुनेला शेतातून मोकळी करा. खुरपे धरायला बी.ए.पर्यंत शिकावे लागत नाही.

प्रा. कौसल्या गायधनी
मराठी विभाग

*

पिंपरखेडा,
२४ ऑगस्ट १९९४

मास्तरीणबाईला राधाकिसन डोईफोडेचा रामराम.

तुम्ही रामराम घातला न्हाई, पण आम्हाला रीत माहीत हाये.

तुमचं कार्ड पोचलं. आमच्या आधी गावाला पोचलं. पोस्टमननं ते पारावर वाचलं, मंग पिठाच्या गिरणीत वाचलं, मंग आमच्या दारात आणून दिलं. कोणाच्या घरातल्या बाईबद्दल लिहायचं असलं तं पाकीट घ्यावं, एवढं शिकलेल्या माणसाला कळू नये?

आता जवाब ऐका. माझी सून रोज कॉलेजला येऊन राह्यली. सकाळी आठ वाजता कचरूच्या जीपमध्ये मी स्वतः बसवून देतो. पुढच्या सीटवर, बाईमाणसाशेजारी. दीड वाजता परत येती. आमची मंडळी गोजरबाई पहाटे उठून तिचा डबा करती. लग्न झाल्यापासून सुनेच्या हाती एक दिवस खुरपं दिलं न्हाई. तिच्या बापाला, राजूरच्या बद्रीनाथला, मी जबान दिली हाये.

मंग तुमची हजेरी कोण घेतं? तुम्ही घेता, का तुम्ही डुलक्या खाता अन् शिपाई घेतो?

मी निजामाच्या टायमाला चौथी झालो, उर्दूतून. मराठी लिहिणं मागून शिकलो, बांधावर बसून. म्हणून माझ्या चुका काढत बसू नका. माझ्या बापानं मेंढरं राखली. मी जमीन केली. माझं पोरगं रामकिसन जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात हाये अन् माझी सून बी.ए. होणार हाये. तुम्हाला ह्यातलं काही दिसलं न्हाई. तुम्हाला फक्त खुरपं दिसलं.

वही बराबर बघा. मंग लिहा.

राधाकिसन सांडू डोईफोडे

*

मंठा,
२७ ऑगस्ट १९९४

श्री. राधाकिसन डोईफोडे,

या वेळी पाकीट वापरले आहे. समाधान झाले असेल.

हजेरी मी स्वतः घेते, पूर्ण जागी राहून. सोबत तारखा लिहून पाठवते आहे. २८ जुलैला बेबीनंदा वर्गात होती. त्यानंतर मराठीच्या तासाला नाही, इतिहासाच्या नाही, कुठल्याच नाही. तीनही प्राध्यापकांना विचारले. तिच्या वर्गातल्या मुलींनाही विचारले, तर त्या एकमेकींकडे बघू लागल्या.

आता दोनच गोष्टी शक्य आहेत. एक, तुम्ही खोटे लिहीत आहात. दुसरी, तुम्ही खरे लिहीत आहात आणि रोज सकाळी जीपमध्ये बसणारी तुमची सून दीड वाजेपर्यंत कुठे असते हे घरात कोणालाच माहीत नाही. यातले कुठले जास्त लाजिरवाणे, ते तुम्हीच ठरवा. दिलेल्या जबानीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने एकदा तरी जीपच्या मागोमाग यायला हवे होते.

कौसल्या गायधनी

*

पिंपरखेडा,
८ सप्टेंबर १९९४

बाई,

झालं तुमच्या मनासारखं.

तुमचा कागद आल्यावर सुनेला विचारलं. कुठं जाती? मान खाली. कोणासंगं जाती? मान खाली. तुमच्या कार्डापासून गाव कुजबूज करतच होतं. भावकीतली आठ माणसं ओसरीवर येऊन बसली. त्यांच्या म्होरं तिला उभी केली, परत विचारलं. "वाईट कुठं गेले न्हाई" एवढंच म्हणाली. मंग कुठं गेल्ती? तं बोलली न्हाई.

रामकिसनला जालन्याहून बोलावून घेतलं. त्यानं चार माणसांचं ऐकलं, तिला काही विचारलं न्हाई, "कॉलेज बंद" म्हणाला अन् दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर निघून गेला. सुनेला तिच्या बापाकडं राजूरला पोचती केली. पुढचं दिवाळीनंतर बघू, असं भावकी म्हणती. गोजरबाई माझ्याशी बोलत न्हाई.

तुम्हाला पोरींनी कॉलेजात राहावं असं वाटत होतं. आमची पोर आता घरात बी राह्यली न्हाई. आता कागद पाठवू नका.

राधाकिसन

*

मंठा,
१३ सप्टेंबर १९९४

बेबीनंदा,

तुझ्या सासऱ्यांचे पत्र आले. तुझा राजूरचा पत्ता तुझ्या प्रवेश-अर्जावरून घेतला.

मी तुझ्यासाठी तुझ्या सासरच्या माणसांशी भांडत होते. ते अडाणी, तुला शेतात राबवतात, असे धरून चालले होते. आता कळते की ते बिचारे तुला रोज जीपमध्ये बसवून देत होते आणि तू त्यांनाही फसवत होतीस, मलाही. मी फार मुली पाहिल्या, पण असे कोणी मला तोंडघशी पाडले नव्हते.

कुठे जात होतीस? जे असेल ते स्पष्ट लिही. तुमच्याकडच्या मुलींना संधी मिळाली तरी तिचे मोल नसते, हे आमच्या नाशिकला लोक म्हणत, तेव्हा मी वाद घालत असे. तू मला खोटे पाडलेस.

फॉर्मला अजून वेळ आहे. काही सांगण्यासारखे असेल तर सांग.

कौसल्या गायधनी

*

राजूर,
२१ सप्टेंबर १९९४

मॅडम,

तुम्ही तोंडघशी पडलात हे वाचून मला वाईट वाटलं न्हाई.

मला तुमच्यासारखं लिहिता येतं. दोन वर्षं तसंच लिहून तुमच्या विषयात मी वर्गात पहिली आले होते. पण हे पत्र मुद्दाम माझ्या बोलीत लिहून राह्यले. खुणा करायच्या असतील तं करा.

२८ जुलैला तुम्ही आम्हाला निबंध वाचायला उभं केलं. माझा नंबर तिसरा होता. वाचता वाचता माझ्या तोंडून "मी मावशीकडं गेल्ते" असं निघून गेलं. तुम्ही थांबवलं. तीन येळा म्हणायला लावलं. "गेल्ते, गेल्ते, गेल्ते." पोरं हसली. तुम्ही बी हसल्या. मंग तुम्ही म्हणाल्या, "ही मेंढरं हाकायची भाषा सासरी शिकलीस वाटतं. मग तिथंच राहा. मेंढरांना काही बी.ए. झालेली बाई लागत नाही."

तुम्ही पुढचं नाव घेतलं. मी खाली बसले. मागच्या बाकावरून पोरं मेंढरावाणी ओरडली. तास सुटल्यावर जिन्यात ओरडली. जीपच्या अड्ड्यापर्यंत ओरडत आली. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकापर्यंत गेले अन् माघारी फिरले.

मी कुठं गेल्ते सांगते. बाजारपेठेत सार्वजनिक वाचनालय हाये ना, तिथं. नऊ ते एक. बायकांच्या कोपऱ्यात बसून तुमचाच अभ्यासक्रम वाचत होते. दारातल्या वहीत रोजची सही हाये.

घरी का सांगितलं न्हाई, असं तुम्ही म्हणाल. ओसरीवर आठ माणसं बसलेली. त्यांच्यासमोर मी मामंजींना काय सांगू? तुमच्या सगळ्या जिंदगीला माझ्या मॅडम मेंढरं म्हणाल्या अन् वर्ग हसला, असं? मामंजींनी ह्या कॉलेजचं नाव गावभर कौतुकानं सांगितलंय. बापाच्या मेंढरांचा त्यांना अभिमान हाये. त्यांना हे ऐकवण्यापेक्षा मला राजूर बरं वाटलं. अन् ह्यांनी तं विचारलंच न्हाई.

तुम्ही मला वाचवायला निघाल्या होत्या म्हणे. कोणापासून, मॅडम? मला रोज डबा मिळत होता, जीपमध्ये जागा मिळत होती, कोणी कामाला हात लावू देत नव्हतं. कॉलेजातून मला एकाच माणसानं घालवलं.

हे मामंजींना कळवू नका. बाकी तुमची मर्जी.

बेबीनंदा

*

मंठा,
२९ सप्टेंबर १९९४

श्री. राधाकिसन डोईफोडे यांना सविनय नमस्कार.

तुम्ही लिहू नका म्हणाला होता, तरी लिहिते आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाचा आणि मग हवे ते करा.

तुमची सून २९ जुलैपासून रोज मंठ्याच्या सार्वजनिक वाचनालयात बसत होती. मी काल तिथे जाऊन वही पाहिली. तिची सही दररोज आहे, सुट्टीचे दिवस सोडून. सह्यांची नक्कल वाचनालयाच्या शिक्क्यासह सोबत जोडली आहे. तिथे दार उघडायला तुळजाबाई म्हणून आहेत. त्यांना विचारले, तर म्हणाल्या, "ती पोर? नऊला यायची. डोकं वर काढायची न्हाई. एकदा रडत होती, म्हणून पाणी दिलं. म्हणाली, कॉलेजात एक बाई हाय." मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारले, "तुम्हीच का त्या?" मी हो म्हटले. त्या वही माझ्या हातातून घेऊन आत निघून गेल्या. शिक्का मारून घ्यायला मला तासभर थांबावे लागले.

ती तिथे का बसत होती, हे तुम्हाला कळवू नये अशी बेबीनंदाची इच्छा आहे. ती मी मोडते आहे, कारण ती पाळली तर दोष तिच्याच डोक्यावर राहतो.

२८ जुलैला वर्गात ती "गेल्ते" म्हणाली म्हणून मी तिला तो शब्द तीनदा म्हणायला लावला. ही मेंढरं हाकायची भाषा आहे, सासरी शिकलीस वाटतं, मग तिथंच राहा, मेंढरांना बी.ए. झालेली बाई लागत नाही, असे मी म्हणाले. वर्ग हसला, मीही हसले. त्यानंतर मुलांनी तिला जिणे नकोसे केले. हे तुम्हाला सांगायला लागू नये म्हणून ती आठ माणसांसमोर गप्प राहिली.

सगळ्यात वाईट म्हणजे, तिचे पत्र येईपर्यंत मला तो दिवस आठवतही नव्हता. असे मी किती जणींना म्हणाले असेन आणि अकराच्या चार झाल्या त्यात माझ्या किती, याचा हिशोब लावायचे धाडस मला होत नाही. दोष मात्र मी तुमच्या शेताला आणि चुलीला देत राहिले. तुम्हाला अडाणी म्हणणाऱ्या बाईची अक्कल ही एवढी.

तिची हजेरी कमी पडते. ती माफ व्हावी म्हणून प्राचार्यांना अर्ज द्यायला मी तयार आहे. पण आधी ती परत यायला हवी, आणि तिला परत आणायचा अधिकार मला उरलेला नाही.

कौसल्या गायधनी

*

पिंपरखेडा,
९ ऑक्टोबर १९९४

बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मंग त्याच आठ माणसांना ओसरीवर बोलावलं अन् त्यांना वाचून दाखवलं. मेंढराची ओळ बी वाचली, गाळली न्हाई. एकजण म्हणाला, "बाईवर केस करू." मी म्हणलं, "आधी आपल्यावर करू."

माझ्या बापाकडं दोनशे मेंढरं होती. एक जरी कमी भरलं तं भाकर टाकून माघारी जायचा, रानात हाका मारत फिरायचा. तुमच्या वर्गातली पोर तीन हप्ते गायब झाली, तं तुम्ही एक कार्ड टाकलं. ते बी शिव्या घालायला. मेंढरं राखणं तुम्हाला झेपायचं न्हाई बाई. त्याला अक्कल लागती.

पण तुम्हाला बोलून माझं मन हलकं व्हत न्हाई. तुम्ही तं परकी. मी तिला पोरगी म्हणून आणलेली. तिच्या तोंडाकडं बघितलं असतं तं कळलं असतं. मी भावकीच्या तोंडाकडं बघितलं.

मंगळवारी मी अन् गोजरबाई राजूरला गेलतो. बद्रीनाथ दारात आडवा उभा राह्यला. म्हणाला, "तुमची जबान बघितली." मी खाली मान घालून उभा राह्यलो. मंग सून आतून आली. मी म्हणलं, "बाई, चूक झाली. चल घरी." ती म्हणाली, "मामंजी, येते. पण ह्यापुढं मला माणसांत उभी करून विचारायचं न्हाई. जे विचारायचं ते घरात विचारा, मी घरात सांगीन. अन् कॉलेजला मी जाणार. त्याच वर्गात." गोजरबाईनं तिचं गठुडं उचललंसुद्धा, मी हो म्हणायच्या आत.

रामकिसनला तिनं वेगळी चिठ्ठी लिहिली. काय लिहिलं माहीत न्हाई. तो शुक्रवारी आल्ता. दोन दिवस खाली मान घालून जेवला.

सोमवारपासून ती येईल. अर्ज जल्दी करा. अर्जात खरं तेच लिहा.

राधाकिसन

*

मंठा,
११ जानेवारी १९९५

श्री. राधाकिसनजी, नमस्कार.

बेबीनंदाचा परीक्षेचा फॉर्म काल विद्यापीठात गेला.

अर्जाचे एवढे दिवस का लागले, ते सांगते. प्राचार्य म्हणाले, "मुलगी आजारी होती असं लिहा आणि मोकळ्या व्हा. डॉक्टरचा कागद मी देतो." मी जे घडले ते लिहून दिले होते. त्यांनी तो कागद चिमटीत धरला आणि म्हणाले, "मॅडम, एका मुलीसाठी स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं? उद्या प्रत्येक पोरगी म्हणेल, मला बाई बोलल्या." मी म्हटले, प्रत्येक पोरीला म्हणू द्या. हा माणूस दर भाषणात मुलींच्या शिक्षणावर अर्धा तास बोलतो. एका मुलीचा कागद पुढे पाठवायला त्याला अडीच महिने लागले, आणि तेही तुम्ही त्याच्या केबिनबाहेर दोन दिवस बसून राहिलात म्हणून. शिपायाने मला सांगितले.

ओरडणाऱ्या चार मुलांना मी वर्गात उभे केले, आणि त्यांच्याआधी स्वतः उभी राहिले. जे बोलले होते ते चुकीचे होते असे सांगितले. बेबीनंदा वहीत लिहीत राहिली.

ती पहिल्या बाकावर बसते. माझ्याशी बोलत नाही. प्रश्न विचारला तर उत्तर देते, आणि ते बरोबर असते. बुडालेला भाग मी सुट्टीत शिकवीन म्हणाले, तर म्हणाली, "वाचनालयात वाचून झालाय."

कौसल्या गायधनी

*

पिंपरखेडा,
२० जून १९९५

बाईंना रामराम.

निकाल लागला. सून सेकंड क्लासमध्ये पास झाली. मराठीत सगळ्यात जास्त मार्क हायेत. तुमच्या विषयात तुमच्याशिवाय कसे पडले, त्याचा विचार करा.

ती आता रामकिसनकडं जालन्याला राहायला गेली. बी.एड.चा फॉर्म भरून राह्यली. शाळेत मास्तरीण व्हायचं म्हणती. बरं मास्तर कसं नसावं हे तिला पक्कं ठाऊक झालं हाये.

पेढे पाठवले असते, पण गोजरबाई न्हाई म्हणाली.

राधाकिसन

*

जालना,
५ ऑगस्ट १९९५

मॅडम,

पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाचं निमंत्रण मामंजींच्या पत्त्यावर आलं. त्यासोबत कॉलेजचा वार्षिक अहवाल होता. मामंजींनी तो मला पाठवला.

अहवालात 'विद्यार्थिनींची गळती' असा मथळा आहे. त्याखाली लिहिलं आहे : "शिक्षण सोडून गेलेली विद्यार्थिनी कु. बेबीनंदा डोईफोडे हिला प्रा. कौसल्या गायधनी यांनी घरी पत्रे पाठवून, पालकांचे प्रबोधन करून महाविद्यालयात परत आणले." मी कुमारी नाही, एवढीसुद्धा चौकशी कोणी केलेली नाही. मला स्टेजवर बसवून माझा सत्कार करणार आहेत म्हणे, आणि तुमचाही.

हे तुम्ही लिहिलं की प्राचार्यांनी, मला माहीत नाही. माझ्या मामंजींचं प्रबोधन झालं, हे छापायची तुम्हा लोकांना लाज कशी वाटली नाही? त्यांनी माझ्यासाठी जे केलं त्यातलं तुम्हाला अर्धंही जमलेलं नाही. चुकले, तर चुकले म्हणून माझ्या बापाच्या दारात येऊन उभे राहिले. तुम्ही तेवढ्यासाठी राजूरला आला नव्हता.

मी कार्यक्रमाला येणार नाही. माझं नाव अहवालातून काढा.

बेबीनंदा डोईफोडे

*

मंठा,
१० ऑगस्ट १९९५

बेबीनंदा,

तो मजकूर प्राचार्यांचा आहे. पण छापायच्या आधी कच्ची प्रत माझ्या टेबलावर चार दिवस होती. मी वाचली होती आणि काही बोलले नव्हते. तेव्हा तो माझाच समज.

राजूरला मी यायला हवे होते. एकदा निघाले होते, राजूरवरून जाणाऱ्या भोकरदनच्या एस.टी.त बसलेही होते. सुटायच्या आधी उतरले.

अहवालाच्या तीस प्रती वाटून झाल्या होत्या, तुमच्या घरची त्यातलीच. उरलेल्या एकशे वीस मी दोन दिवस स्टाफरूममध्ये बसून एकेक उघडल्या. तुझे नाव खोडले नाही, त्याबद्दल हवे तर आणखी एक पत्र लिही. फक्त 'कु.'च्या जागी 'सौ.' केले, आणि पुढचे सगळे वाक्य खोडून वर पेनाने लिहिले : "प्रा. गायधनी यांच्या बोलण्यामुळे कॉलेज सोडून गेली होती. सासरच्यांच्या आधाराने स्वतः परत आली."

प्राचार्यांनी आज सकाळी गठ्ठा पाहिला. माझा सत्कार रद्द झाला आहे.

कौसल्या गायधनी